मुलगी, वय वर्षे आठ

समोर बसलेल्या उंच मुलीने पिशवीतून खोडरबर काढलं, जिभेवर ठेवलं आणि गालात एका बाजूला सरकवलं, तेव्हा शेवटच्या बाकावर बसलेल्या माझ्या तोंडाला त्याची चव आली. रबराची चव सांगून कळत नाही. सुरुवातीला थोडी नव्या वहीसारखी, थोडी ओल्या चपलेसारखी, आणि पाचेक मिनिटांनी कसलीच नाही, नुसती तोंडात एक मऊसर अडचण उरते. ती अडचण असली की कोणी प्रश्न विचारला तर आपल्याकडे कारण असतं. तोंडात काहीतरी आहे, बोलणार कसं. हे कारण मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुळात ते सात महिने मी शाळेत कोणालाच काही सांगितलं नव्हतं, तीच तर सगळी तक्रार होती. आणि इथे तेवीस जणांच्या वर्गात, भर दुपारी सव्वाबाराला, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं अशी एक मुलगी माझं खोडरबर चघळत बसली होती, आणि फळ्याजवळ माझी आई हातात कागद धरून म्हणत होती, "छान. घाई नाही. ही मुलगी, वय वर्षे आठ, शाळेत बोलायची थांबली आहे. आता तिच्या आजूबाजूला काय काय चाललंय ते ऐकूया."

मी तिथे असायलाच नको होते. आमच्या शाळेत कुठल्याशा परीक्षेचं केंद्र आलं होतं म्हणून अकरालाच सोडलं, आणि घराची किल्ली मी सकाळी टेबलावर विसरले होते. आईचं कॉलेज वाटेत पडतं. वर्गाच्या दारातून डोकावले तर आईने मागे जाऊन बस अशी खूण केली, आणि मग माझ्याकडे बघत जरा जास्तच थांबली. मला वाटलं, किल्ली कुठल्या पर्समध्ये आहे ते आठवतेय. मी खुशीत होते. हल्ली मी खुशीतच असते, माझं मलाच कधी कधी अति होतं. महिन्यापूर्वी शाळेच्या स्टेजवर अकरा मिनिटं, हातात कागद न घेता बोलले आणि शेवटी अख्खा हॉल उभा राहिला, तेव्हापासून माझं तोंड मिटलेलं नाही. वर्गात मला रेडिओ म्हणतात. मावशी फोनवर म्हणते, "अगं, तुला बंद करायचं बटण कुठाय ते तुझ्या आईला विचारून ठेवते." आणि याच खुशीत मी रविवारी आईला हो म्हणून टाकलं होतं.

रविवारी आईने मला रीतसर विचारलं होतं. रीतसर म्हणजे तिचा फोन बंद, माझा फोन बंद, दोघी समोरासमोर. आई समाजकार्य शिकवते. आतापर्यंत अकरा देशांत शिकवून झालंय, कुठे दोन आठवडे, कुठे सहा महिने, आणि आता बारावा. युद्धातून नुकत्याच उठलेल्या त्या देशात समाजकार्याचं पहिलं कॉलेज सुरू होतंय आणि ते उभं करायला त्यांना माझीच आई हवी होती, दोन वर्षं. मी मावशीकडे राहायचं, शाळा तीच, बस फक्त वेगळी. "नाही म्हटलंस तरी चालेल," आई म्हणाली होती. हे वाक्य तिला अकरा भाषांत येतं. कुठल्याही देशात गेली की ती आधी तीन वाक्यं शिकते, मी ऐकते आहे, घाई नाही, आणि नाही म्हटलंत तरी चालेल. बाकी सगळं दुभाषी बघतो. मी तोंडात घास असतानाच म्हटलं, "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि तिने लगेच मान हलवली नाही, दहा सेकंद थांबली. प्रश्न विचारला की ती दहा सेकंद थांबतेच, वर्गात, घरात, भाजीवाल्यापाशीसुद्धा. ज्याला शब्द जुळवायला वेळ लागतो त्याचा नंबर पटकन बोलणाऱ्यांनी खाऊ नये म्हणून. विद्यार्थी तिला मागून दहा सेकंद मॅडम म्हणतात, हे तिला माहीत आहे आणि आवडतंही. त्या दहा सेकंदांत मी आणखी एक घास घेतला.

तिचा वर्ग मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खोडरबर निघेपर्यंत मला अभिमानाने नुसतं फुगायला होत होतं. पहिल्या रांगेत एक मुलगा होता त्याला दिसत नव्हतं, म्हणून आई "इथे बघा" असं एकदाही म्हणत नव्हती; फळ्यावर काय काढलं ते तोंडाने सांगत होती, डावीकडे एक मोठं वर्तुळ, त्यात तीन छोटी, एक जरा बाहेर. खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून सांकेतिक भाषेची दुभाषी बाई उभी होती, कारण पाठीमागून उजेड आला की हात काळे दिसतात आणि समोरच्या बहिऱ्या मुलीला बोटं वाचता येत नाहीत. पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या, आधी वीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्यासमोर मोठ्या अक्षरांतला कागद होता. सगळ्यांना तो कागद आदल्या दिवशीच मिळालेला. हा आईचा नियमच आहे, ज्याला वाचायला दुप्पट वेळ लागतो त्याला तो आधीच मिळाला पाहिजे, ऐनवेळी काही बदलायचं नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकावर एक जास्तीचा कागद पडला होता. केस क्रमांक सात. आई जहाजावर स्वयंपाकी, करार दहा महिन्यांचा. मुलगी आजोबांकडे. तिसऱ्या महिन्यापासून शाळेत बोलत नाही, घरी बोलते; आईचा फोन आला की गप्प. वर्गात तोंडात खोडरबर धरून बसते. आजोबांनी दोन महिने आईला कळवलं नाही. कळल्यावर आईपुढे प्रश्न: करार मोडून परत यावं का? आणि अगदी खाली, जरा तिरक्या अक्षरांत: भूमिका करणाऱ्या कोणालाही कोणत्याही क्षणी थांबता येईल. दिलेली संमती कधीही, कारण न देता, मागे घेता येते.

आजोबा म्हणजे मावशी. जहाज म्हणजे पुराच्या पाण्यातून वर आलेला एक प्रदेश आणि त्यातल्या एका शाळेत भरलेली छावणी, जिच्या नावाचा उच्चार मला तेव्हा जमत नव्हता आणि आता मुद्दाम करायचा नाही. स्वयंपाक म्हणजे, हे आठवलं आणि मला त्या बाकावर एकटीलाच हसू आलं, खरोखरचं, फसकन, आणि दुभाषी बाईने माझ्याकडे बघितलं. आई तिथे स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवायला गेली होती, की आपत्तीनंतर ज्या मुलांनी बोलणं सोडलंय त्यांच्याजवळ कसं बसावं. किती अंतरावर बसावं. नजर कुठे ठेवावी. हातात काय असावं. तिने त्यावर एक पुस्तिका लिहिली, चित्रांची, ती नंतर सहा भाषांत गेली. पुस्तिकेतल्या चित्रात एक मुलगा पाठमोरा बसलाय आणि एक बाई त्याच्या शेजारी, समोर नाही, शेजारी, मातीत काडीने रेघा ओढतेय. मी आठ वर्षांची असताना मावशीने ते चित्र मला दाखवलं होतं. "बघ तुझी आई काय काय करते." मी बघितलं. मी त्या मुलाच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं.

आईची भूमिका ज्या मुलीला आली होती तिने जोरात सुरुवात केली. मूठ कानाशी धरून, जहाजावर वारा असतो म्हणून ओरडत, हॅलो, पिल्लू, हॅलो. वर्ग हसला. मग ती खोडरबरवाल्या मुलीकडे वळली आणि तिच्या त्या मिटलेल्या ओठांकडे बघून हिने मूठ उघडली. जरा वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मला नाही करायचं हे."

"बरं," आई म्हणाली. "कारण कोणी विचारणार नाही. जागेवर बस, पाणी पी. दुसरं कोणी?"

दहा सेकंद गेले. मी मोजले. कोणी उठलं नाही. आणि मग आईने हातातला कागद टेबलावर पालथा घातला, खुर्ची ओढली आणि त्या मुलीसमोर स्वतःच बसली.

मला उठून जाता आलं असतं. माझं दप्तर माझ्या मांडीवरच होतं. पण आईने मूठ कानाशी नेली नाही, नुसती मान जरा डावीकडे कलवली, ती फोनवर बोलताना नेहमी कलवते तशी, आणि म्हणाली, "जेवलीस का?" आणि मी जिथल्या तिथे आठ वर्षांची झाले. मावशीच्या घरातला फोन पॅसेजमध्ये होता, चपलांच्या कपाटावर, आणि बोलताना पायाखाली नेहमी कोणाची तरी चप्पल यायची. जेवलीस का. हो. काय जेवलीस. पोळी. शाळेत काय झालं आज. आणि मग ते थांबणं, दहा सेकंदांचं, तिकडून वाऱ्यासारखा कसलातरी आवाज येत राहायचा, मधे मधे त्यांच्या भाषेत कोणीतरी तिला हाका मारायचं, आणि मला वाटायचं, ही वाट बघतेय म्हणजे काहीतरी सांगायला हवं. चांगलं काहीतरी. मी सांगायची, आज मी गोष्ट सांगितली वर्गात. आज मी कविता म्हटली, बाईंनी शाबास म्हटलं. दर बुधवारी आणि शनिवारी मी तिला सांगायची की मी किती बोलले. दोन महिने तिला कळलं नाही, यात मावशीचा अर्धाच दोष होता. उरलेला माझ्या कवितांचा. हे आईच्या कागदात कुठेच नव्हतं. कागदातली मुलगी फोनवर गप्प होती. म्हणजे आईने ते लिहिलं नव्हतं, किंवा लिहायची हिंमत झाली नव्हती, किंवा तिला ते आजही माहीत नाही.

"शाळेत काय झालं आज?" समोर बसलेल्या आईने विचारलं.

उंच मुलीने तोंडातलं खोडरबर काढून हातात घेतलं. आता बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. तिने कानाजवळचा न दिसणारा फोन हळूच खाली आणला आणि ठेवून दिला. मला हे कधीच सुचलं नव्हतं. सात महिन्यांत एकदासुद्धा. आणि आई कानाशी काही नसताना मान कलवून तशीच बसून राहिली, पलीकडचा फोन ठेवलाय हे न कळलेल्या माणसासारखी, इतका वेळ, की नर्सबाई पुटपुटल्या, "बाई गं."

मग कार्डं. प्रत्येकाजवळ एक लाल, एक हिरवं; लाल कार्डाचा कोपरा कापलेला, म्हणजे न दिसणाऱ्यालाही बोटाने कळावं. परत यावं असं वाटतं त्यांनी लाल. आईने मोठ्याने मोजलं, पहिल्या रांगेतल्या त्या मुलाला ऐकू जावं म्हणून, आणि तिचा आवाज अगदी बाजारात नग मोजावेत तसा होता. एकोणीस लाल, चार हिरवी. चर्चा सुरू झाली. एक दाढीवाला म्हणाला, "करार मोडला तर नोकरी जाते हे मान्य, पण अशांना मुलं होऊ तरी का देतात?" नर्सबाई फिरल्या त्याच्यावर. "तुझी आई घरी होती ना, म्हणून जीभ एवढी सैल." कोणी म्हणालं, जहाजावर दुसरा स्वयंपाकी मिळतो. आईने विचारलं, "आणि नसेल मिळत तर? तीनशे माणसं जेवायची असतील तर?" तेव्हा तो न दिसणारा मुलगा, आतापर्यंत एक अक्षर न बोललेला, म्हणाला, "तीनशे माणसं मोजता येतात मॅडम, म्हणून ती जास्त वाटतात." आई फळ्याकडे वळली आणि खडू शोधत राहिली. खडू तिच्या हातातच होता.

तास संपला. मुलं उठायला लागली तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर आला नाहीत." मला काही कळेना. मग आठवलं, उंच मुलीने खेळ संपल्यावर उभं राहून खांदे झटकले होते, स्वतःचं नाव सांगितलं होतं, सकाळी बसला उशीर झाला हे सांगितलं होतं. भूमिका अंगावर तशीच घेऊन कोणी घरी जायचं नाही, हाही आईचाच नियम. वीस वर्षं ती तो शिकवतेय आणि आज स्वतः विसरली. सगळे हसले. आईने खांदे झटकले. स्वतःचं नाव सांगितलं. म्हणाली, "मी इथली प्राध्यापक. मी जहाजावर स्वयंपाक करत नाही." पुन्हा हशा झाला. आणि हसणाऱ्या त्या डोक्यांवरून तिने माझ्याकडे बघितलं.

तिची खोली म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर पेपरांचे गठ्ठे. मी उभीच राहिले.

"किल्ली," मी म्हटलं.

तिने किल्ली दिली. मग दार लावलं. "ओळखलंस."

"खोडरबर बदलायचं राहिलं तुझं."

"राहिलं नाही. बदलून पाहिलं होतं. एका वर्षी पेन्सिल केली, एकदा रुमाल. मग मुलांना ती भूमिका करता येत नाही. खोटी वाटते."

"अच्छा. म्हणजे दर्जा घसरतो."

तिने तो टोमणा गिळला. आईशी भांडताना हेच वाईट, ती गिळते. मी विचारलं किती वर्षं, ती म्हणाली सात. किती देशांत, म्हणाली सगळ्या नाही, पाच. "म्हणजे मी आंतरराष्ट्रीय आहे," मी म्हटलं, "आणि मलाच कोणी कळवलं नाही." ती हसली नाही. मीही नाही. सगळ्यांनी दर वेळी लालच कार्ड धरलं का, असं विचारल्यावर म्हणाली, जवळजवळ. एका देशात सगळा वर्ग हिरवा झाला होता, एकूण एक. तिथे बसलेल्या सगळ्यांच्याच आया कुठे ना कुठे बाहेर कामाला गेलेल्या होत्या. हे सांगताना तिचा आवाज जरा उजळला आणि मला एकदम कळलं की त्या वर्गाची ती अजूनही आठवण काढते, आजारी माणसाने एखाद्या बऱ्या दिवसाची काढावी तशी. दर वर्षी ती ही केस वर्गापुढे ठेवते आणि अनोळखी लोकांकडून स्वतःला शिक्षा करून घेते, मोठ्याने आकडा मोजून. आणि मग दर वर्षी बॅग भरते.

"मला विचारलं नाहीस."

"तू आठ वर्षांची होतीस गं."

"मग नऊची झाले. मग दहाची. दर वर्षी एक वाढदिवस यायचा आई, कुठल्याही वर्षी विचारायचं."

ती टेबलावरचे कागद सरळ करायला लागली. ते सरळच होते. "आज तू दारात दिसलीस," ती म्हणाली, "तेव्हा थांबवता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, कागद कालच दिलाय, पहिल्या रांगेतल्या त्या मुलाने रात्रभर बसून ऐकलाय तो, ऐनवेळी बदलणं बरोबर नाही. पण ते काही खरं कारण नाही. मला वाटलं, एकदा तू पण ऐकावंस."

"आणि कार्ड धरावं?"

मीच दार उघडलं.

घरी येऊन मी जेवले नाही, कपडे बदलले नाहीत, तिच्या खोलीत जाऊन तिची बॅग बघितली. कपाटावर ती कायम आडवी असते, चाकं आमच्याकडे करून. मी काही तिचा द्वेष करत नव्हते, हे मला नीट सांगता यायला हवं. मला दोन वर्षं मावशीकडे राहायला काहीच अडचण नव्हती. मावशीकडे इंटरनेट चांगलं आहे, ती रागावत नाही, आणि माझं आता कोणावाचून अडत नाही, मला अख्खा हॉल उभा करता येतो. रविवारी मी जे हो म्हटलं ते खोटं नव्हतं. पण ते कोणी म्हटलं होतं, हा प्रश्न होता. स्टेजवरच्या मुलीने म्हटलं होतं. तिला विचारणं सोपंच होतं, ती कशालाही हो म्हणते. जिला विचारायचं होतं ती अजून पॅसेजमध्ये चपलांवर उभी होती आणि कविता म्हटल्याची थाप मारत होती. मी आरशासमोर जाऊन "नको" असं म्हणून बघितलं. एवढा छोटा शब्द, पण तोंडात असा आडवा येत होता की मला पुन्हा पुन्हा म्हणून बघावा लागला.

आई साडेपाचला आली. पर्स ठेवली, हात धुतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"मी मागे घेते," मी म्हटलं.

"काय?"

"रविवारचं हो. मागे घेते."

तिने टॉवेलला हात पुसले, एकेक बोट. "सोमवारी कळवलंय मी त्यांना. तू हो म्हणालीस म्हणूनच कळवलं. त्यांनी घर बघितलंय माझ्यासाठी. मुलांनी प्रवेश घेतलेत, बावीस जणांनी, त्यातल्या काहींनी तर, तुला माहीत नाही गं ते कुठून कुठून..." आणि मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. ती थांबली. माझ्या तोंडावर तयारच होतं, मोजता येतात म्हणून जास्त वाटतात, पण ते त्या मुलाचं वाक्य होतं आणि मला आज दुसऱ्या कोणाचं काही वापरायचं नव्हतं.

"कळवल्यावरही घेता येते. तुझ्याच कागदावर आहे. कधीही."

"हो. कधीही." ती खुर्चीवर बसली. "पण बाळा, का..." आणि तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून तिने पुढचं आत घेतलं. कारण विचारायचं नसतं. मी आईला कधी इतकं हुशार आणि इतकं असहाय एकाच वेळी बघितलं नव्हतं. तिच्याच नियमात ती पकडली गेली होती, आणि ती नियम मोडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर मी तोच धरला होता. नुसतं "मला तू हवीस" म्हटलं असतं तर ती समजावत बसली असती. तिला समजावता येतं. अकरा देशांत येतं.

तिने लॅपटॉप उघडला तो तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि मी तिच्या शेजारी बसले. बसल्यावर लक्षात आलं, शेजारीच बसलेय, समोर नाही. ती लिहायची, मग मला मराठीत करून सांगायची. कळवण्यास अत्यंत खेद होतो. वैयक्तिक कारणामुळे.

"वैयक्तिक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तसंच लिहितात गं."

"जहाजावरचे स्वयंपाकीपण तसंच लिहितात. माझ्या मुलीने नको म्हटलं, असं लिही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. ती ओळ खोडली. नवी लिहिली. मला ती भाषा येत नाही, पण ओळ छोटी होती, आणि तिने ती वाचून दाखवली तेव्हा प्रत्येक शब्दानंतर जराशी थांबली. माझ्या मुलीने. नको. म्हटलं. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी सुटेल, एखादी गाठ, निदान रडू तरी येईल. काही आलं नाही. पेपर सोडवून बाहेर पडल्यावर हात नुसते मोकळे वाटतात तसं वाटलं. तिने पत्र पाठवलं. मग आम्ही दोघी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो, जणू आणखी काही घडायचं बाकी होतं.

"केस काढून टाकते मी," ती म्हणाली. "सात नंबरची."

"तुझी मर्जी."

"तू फोनवर तेव्हा," ती म्हणाली, आणि शब्द शोधत राहिली, "तू मला कविता सांगायचीस ना. म्हटल्या म्हणून. त्या मी वहीत उतरवून ठेवायचे, तारीख घालून. नंतर शाळेचं पत्र आलं. मी त्या तारखा जुळवून बघितल्या." ती उठली आणि भाताला पाणी ठेवलं. म्हणजे तिला माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं, आणि ती पुढचे पाच महिने तरीही तिथेच राहिली होती, आणि ते एवढं एकच तिने केसमध्ये लिहिलं नव्हतं. मला म्हणायचं होतं की ते तरी लिहायचं होतंस. मी ताटं घेतली.

नवव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. दुसरा माणूस मिळाला होता. आईने चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाली, "माझाच विद्यार्थी आहे. चांगला आहे. घाई करतो जरा, पण चांगला आहे." हल्ली ती साडेपाचला घरी असते. पूर्वी ती अशी घरी असली की पेपर तपासायची, कुठल्या तरी देशाशी बोलायची, दुभाष्यासाठी वाक्यं तोडून तोडून लहान करायची. आता पेपर कॉलेजातच तपासून येते. टेबलापाशी बसते. मी समोर बसते. आणि मी, जिला शाळेत बंद करायचं बटण सापडत नाही, मला तिला सांगायला काही सुचत नाही. शाळेत काय झालं, हे ती आता विचारत नाही. जपून असते.

परवाही असाच दोन कप चहा झाला. माझा अर्धा राहिला. पुढच्या महिन्यात आमची वक्तृत्वाची टीम स्पर्धेला बाहेरगावी जायची आहे, आठ शाळा आहेत, बाई म्हणतात जिंकलो तर आणखी पुढे, आणि सहाला सराव होता.

"मला निघायचंय," मी म्हटलं.

"किती वाजतील?"

"साडेआठ. नऊ. रविवारी पण आहे सकाळपासून."

"बरं." मी दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते, माझी पाठ तिच्याकडे होती. "सावकाश ये," ती म्हणाली. "मी आहे."

मी दार ओढून घेतलं आणि भराभर जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर आले आणि का कोण जाणे, पाय पुढे जाईनात. वर जाऊन तिला सांगता आलं असतं, सराव रद्द झाला. खाली जाता आलं असतं, गेटवर दोघीजणी माझ्यासाठी थांबल्या होत्या, त्यांचं हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं. कोणीतरी खालून ओरडलं, "ए रेडिओ, चल लवकर." मी पायरीवर बसले. वरती आमच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग कप विसळल्याचा, एक, आणि जरा वेळाने दुसरा, आणि त्यानंतर काहीच नाही. एक बाई घरात नुसती बसली आहे, एवढाच आवाज.